तापात काढलेला ‘ड’चा आकडा फसवा असतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साथ फ्लूची असो, आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची असो की कोविडची, ती वर आली की ‘ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांचा आजार बळावतो’ ही बातमी ठरल्यासारखी येते. बातमी सहसा खोटी नसते. तिच्यामागे खराच अभ्यास असतो, आकडेही खरे असतात. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तिचा जो अर्थ उरतो, म्हणजे ताप आला की ड तपासून घ्यावे आणि कमी निघाले की एक दणदणीत मात्रा घेऊन मोकळे व्हावे, त्याला त्या अभ्यासांत आधार नसतो. तो का नसतो, हे जरा विस्ताराने सांगावे म्हणून हे पत्र.

सुरुवात रक्ताच्या नमुन्यापासून करू. ड जीवनसत्त्व त्वचेत बनलेले असो वा तोंडाने घेतलेले, ते यकृतात जाते आणि तिथे त्याचे ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ होते. अहवालावरचा आकडा असतो तो याचा. रक्तात ते निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे शरीरातल्या साठ्याचा अंदाज त्यावरून बरा येतो. पुढे मूत्रपिंडात त्याचे सक्रिय रूप, म्हणजे १,२५-डायहायड्रॉक्सी, तयार होते. हे काही तासांत संपते आणि साठा रिकामा असतानाही पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या (रक्तातले कॅल्शियम राखणाऱ्या) रेट्यामुळे नॉर्मल किंवा चढे दिसू शकते. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘२५’ऐवजी ‘१,२५’वर खूण झाली, तर भलतीच तपासणी होते आणि खरी कमतरता असलेल्या माणसाला ‘सगळे ठीक’ असा निरोप जातो.

दुसरा घोळ एककाचा. काही अहवाल नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला २.५ने गुणले की दुसरे मिळते. म्हणजे ३० हा आकडा नॅनोग्रॅममध्ये असेल तर चिंतेचे काही नाही. तोच नॅनोमोलमध्ये असेल तर तो जेमतेम १२ नॅनोग्रॅम भरतो आणि त्या माणसाला उपचार लागतो. ब्रिटन-युरोपातले अभ्यास बहुधा नॅनोमोलमध्ये बोलतात, अमेरिकेतले नॅनोग्रॅममध्ये. बातमीत एकक गळाले की आकड्याला काही अर्थ उरत नाही. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या जादा ताकदीच्या गोळ्या चालू असतील, तर तपासणीच्या काही पद्धतींत ड खोटेच जास्त दिसते. नमुना देण्याआधी त्या दोन-तीन दिवस थांबवाव्यात. आणि २२चे २५ झाले म्हणून हुरळून जाऊ नये. एवढा फरक यंत्राच्या नेहमीच्या चुकीतही येतो.

आता मुख्य गोष्ट. रक्तातले बहुतेक सगळे ड एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरते. शरीरात दाह पेटला की हे प्रथिन घटते, केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, त्यात सलाइन चढवले की रक्त पातळ होते, आणि या सगळ्यात अहवालातला आकडा खाली येतो. साठा कुठे गेलेला नसतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर हे मोजले गेले आहे: दोन दिवसांत २५-हायड्रॉक्सी सुमारे ४० टक्क्यांनी घसरले. त्या दोन दिवसांत त्यांचे ऊन कमी झाले नव्हते की आहार बदलला नव्हता. फक्त दाह वाढला होता. विषाणूने फुप्फुसे सुजलेल्या माणसात हेच घडते, आणि सूज जितकी जास्त तितकी घसरण जास्त. मग अतिदक्षता विभागात भरती झालेल्यांचे ड साध्या वॉर्डातल्यांपेक्षा कमी निघाले, तर त्यात आश्चर्य कसले? आजाराने आकडा पाडला आणि आपण वाचतो उलटे, की आकड्याने आजार वाढवला. म्हणून सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) चढलेला असताना काढलेल्या ‘ड’वरून निदान करू नये. बरे झाल्यावर सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेत, मग हवे तर तपासावे.

आजाराच्या कितीतरी आधी काढलेला नमुनासुद्धा पूर्ण निर्दोष नसतो. वय झालेले, लठ्ठ, मधुमेही, मूत्रपिंड दुबळे असलेले, अंथरुणाला खिळलेले, दिवसभर घरात राहणारे अशा लोकांचे ड कमी असते. (चरबीत ड साठून राहते, म्हणून लठ्ठ माणसाच्या रक्तात ते कमी दिसते.) आणि हेच लोक श्वसनाच्या विषाणूपुढे सर्वांत आधी कोलमडतात. इथे कमी ड ही त्यांच्या प्रकृतीची खूण आहे. खूण पुसल्याने प्रकृती सुधारतेच असे नाही, हे फक्त चाचणी करूनच कळते. आणि चाचणी म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी मात्रा, आणि कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला.

अशी एक चाचणी ब्राझीलमध्ये झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झाली. कोविडने रुग्णालयात भरती झालेले २४० रुग्ण. निम्म्यांना एकाच वेळी २ लाख युनिट ड३ (गोळ्यांतले नेहमीचे ड), निम्म्यांना नुसते तेलकट द्रावण. औषध मिळालेल्यांचे ड सरासरी २१वरून ४४ नॅनोग्रॅमवर गेले, म्हणजे औषध पोचले नाही असे म्हणायला जागा नाही. रुग्णालयातला मुक्काम मात्र दोन्ही गटांत सारखाच, मध्यक ७ दिवस. मृत्यू औषधाच्या गटात ७.६ टक्के, दुसऱ्यात ५.१ टक्के, हा फरक योगायोगात बसणारा, पण निदान फायद्याच्या बाजूचा नक्कीच नाही. आकडा सुधारला, माणूस सुधारला नाही. औषध मिळेपर्यंत या रुग्णांना लक्षणे सुरू होऊन सरासरी १० दिवस झाले होते. एवढ्या अवधीत विषाणूचे काम बरेचसे उरकलेले असते आणि पुढचे नुकसान शरीराच्या स्वतःच्या दाहाचे असते.

त्याआधी, २०१९मध्ये, अमेरिकेतल्या ‘व्हायोलेट’ चाचणीत याहून मोठा डाव खेळून झाला होता. ड खरोखर कमी असलेल्या, गंभीर आजाराच्या उंबरठ्यावरच्या हजाराहून अधिक रुग्णांत एका गटाला भरतीनंतर लगेच ५ लाख ४० हजार युनिटांची एक मात्रा दिली. तिसऱ्या दिवशी त्यांचे ड ४६.९ नॅनोग्रॅम होते आणि दुसऱ्या गटाचे ११.४. नव्वद दिवसांतले मृत्यू २३.५ आणि २०.६ टक्के, आणि जास्तीचा आकडा पुन्हा औषधाच्या गटाचा. इथेही फरक सांख्यिकीत न टिकणारा. पण ‘रुग्ण उशिरा आले’ किंवा ‘त्यांचे ड मुळात ठीकच होते’ या दोन्ही सबबी इथे चालत नाहीत.

याच्या विरुद्ध बाजूने हटकून पुढे केली जाते ती स्पेनमधल्या कॉर्डोबाची २०२०ची चाचणी. तिथे साधे ड न देता कॅल्सिफेडिऑल दिले, म्हणजे यकृतातला टप्पा आधीच पार केलेले रूप. ड३ची मोठी मात्रा रक्तातला आकडा शिखरावर न्यायला आठवडाभर घेऊ शकते, हे रूप मात्र तासांत वर चढते. कल्पना वाईट नव्हती. ५० रुग्णांपैकी १ अतिदक्षता विभागात गेला, औषध न मिळालेल्या २६पैकी १३. हे आकडे वाचून कोणाचेही डोळे विस्फारतील. आता जवळ जाऊन पाहा. एकूण रुग्ण ७६. बिनऔषधी मात्रा दिलेली नाही, म्हणजे उपचार करणाऱ्यांना कोणाला काय मिळाले हे ठाऊक होते, आणि अतिदक्षता विभागात हलवायचे की नाही हा शेवटी माणसाने घेतलेला निर्णय असतो. उच्च रक्तदाब आणि मधुमेह असलेले रुग्ण औषध न मिळालेल्या गटात प्रमाणाने जास्त होते. आणि सुरुवातीला कोणाचे ड किती होते हेच मोजलेले नव्हते! अशा चाचणीने मोठी चाचणी करायला प्रवृत्त व्हावे, औषधाची शिफारस करायला नव्हे.

हे झाले उपचाराचे. आजार होऊ नये म्हणून ड घेण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे उत्तर इतके कोरडे नाही. ड श्वसनमार्गाच्या संरक्षणात भाग घेते, यात वाद नाही. रक्तातल्या आणि फुप्फुसातल्या भक्षक पेशी २५-हायड्रॉक्सी उचलून स्वतःच सक्रिय रूप बनवतात आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार होते. कारखाना त्या पेशीतच असल्यामुळे कच्चा माल रोज थोडा थोडा येणे महत्त्वाचे ठरते, असा एक तर्क आहे. एकदम पूर आला की शरीर २४-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर वाढवून ड मोडीत काढू लागते, आणि मोठी मात्रा गिळलेल्या माणसाच्या पेशींत प्रत्यक्ष काम करणारे ड कमीच राहू शकते.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले एड्रियन मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये २५ चाचण्यांतल्या सुमारे ११ हजार व्यक्तींची माहिती एकेक करून एकत्र केली. ड घेणाऱ्यांत तीव्र श्वसनसंसर्गाचे गुणोत्तर (१ म्हणजे न घेणाऱ्यांइतकेच, १च्या खाली म्हणजे फायदा) ०.८८ निघाले, म्हणजे किंचित घट. पण गंमत आत होती. रोज किंवा आठवड्याला घेणाऱ्यांत ०.८१. मधूनच मोठी मात्रा घेणाऱ्यांत ०.९७, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि मुळात १० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांनी रोज किंवा आठवड्याला घेतले तर ०.३०. मंगोलियातल्या शाळकरी मुलांची चाचणी याच चित्रात बसते: मुलांचे ड ७ नॅनोग्रॅमच्या आसपास, हिवाळ्यात दुधातून रोज फक्त ३०० युनिट, आणि पालकांनी नोंदवलेले श्वसनाचे आजार निम्म्यावर. उलट काबूलमध्ये तान्ह्या मुलांना दर तीन महिन्यांनी १ लाख युनिट देऊन न्यूमोनिया कमी झाला नाही.

इथेच थांबता आले असते तर पत्र गोड झाले असते. पण पुढच्या वर्षांत चाचण्या वाढल्या तसा फायदा विरघळत गेला. २०२१च्या एकत्रित विश्लेषणात गुणोत्तर ०.९२ झाले; किमान एक संसर्ग झालेले ड घेणाऱ्यांत ६१.३ टक्के, न घेणाऱ्यांत ६२.३ टक्के, म्हणजे शंभरात एकाचा फरक. २०२५मध्ये ४० चाचण्यांतल्या ६१,५८९ जणांवर ते ०.९४ आले आणि सांख्यिकीय कसोटीची रेषा निसटली, म्हणजे फरक योगायोगात बसणारा ठरला. आधी मोठी वाटलेली रोज-घेणारे, कमी-ड-असलेले ही गटवारीही या वेळी टिकली नाही. याचे एक कारण उघड आहे: नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ज्यांचे ड आधीच पुरेसे होते असे लोक भरपूर होते. नॉर्वेत ३४,७४१ प्रौढांनी हिवाळाभर रोज ५ मिलिलिटर कॉडलिव्हर तेल (ज्यात ड असते) किंवा मक्याचे तेल (ज्यात ते नसते) घेतले. कोविड दोन्हीकडे १.३ टक्के. ब्रिटनमध्ये ६,२०० लोकांच्या चाचणीत रोज ३,२०० युनिट देऊ केलेल्या गटात श्वसनसंसर्ग ५.७ टक्के, ८०० युनिटांच्या गटात ५.० आणि काहीच न देऊ केलेल्यांत ४.६. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून तहान जास्त भागत नाही. मात्र खरोखर रिकाम्या हंड्यांवरची मोठी, नेटकी चाचणी अजून तुटपुंजीच आहे, त्यामुळे ‘ड निरुपयोगी’ असा मथळाही तितकाच उथळ ठरेल.

मग करावे काय? हाडांसाठी आणि स्नायूंसाठी कमतरता भरून काढायला हवीच, विषाणू असो वा नसो. १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता याबद्दल मतभेद नाहीत. २०च्या वर बहुतेकांना पुरेसे, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११च्या अहवालात म्हटले. त्याच वर्षी संप्रेरकतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने ३०ची रेघ मारली आणि त्या एका रेघेने निम्मे जग ‘कमतरताग्रस्त’ झाले. २०२४मध्ये याच सोसायटीने ती रेघ मागे घेतली आणि निरोगी माणसाने सरसकट तपासणी करू नये असे सुचवले. बातम्यांत आणि अहवालाच्या तळटिपांत ३० अजून ठाण मांडून आहे. त्याच मार्गदर्शिकेत १ ते १८ वयाच्या मुलांना, गर्भवतींना आणि ७५ वर्षांपुढच्यांना न तपासता रोजच्या छोट्या मात्रेत ड द्यावे असे आहे. मुलांच्या बाबतीत मुडदूस टाळणे हे पहिले कारण आणि श्वसनसंसर्ग कमी होण्याची शक्यता हे दुसरे.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट, ७०च्या पुढे ८००. रोज १०० युनिट घेतल्याने दोन-तीन महिन्यांत आकडा साधारण १ नॅनोग्रॅमने चढतो, तळाशी असलेल्याचा जरा जास्त. म्हणजे १४वरून २४वर जायला रोज १,००० युनिट आणि तीन महिन्यांचा धीर. पंधरा दिवसांत पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. लठ्ठ व्यक्तीला दुप्पट-तिप्पट लागते. गोळी रिकाम्या पोटी न घेता तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी, कारण ड स्निग्धात विरघळते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन (फिट्सवरची) आणि रिफाम्पिसिन (क्षयावरचे) ही औषधे ड लवकर मोडतात, तर ऑरलिस्टॅट (वजन घटवणारे) आणि कोलेस्टायरामिन (कोलेस्टेरॉल घटवणारे) ते आतड्यातच अडवतात. ‘गोळ्या घेतो तरी वाढत नाही’ या तक्रारीत औषधांची यादी आधी पाहावी. काचेआड बसून ऊन घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की ड बनवणारे अतिनील-ब किरण काच अडवते. उबेने ड बनत नाही.

जास्तीचे काय होते, हे बातम्यांत क्वचितच येते. डॉक्टरच्या देखरेखीविना रोज ४,००० युनिटांच्या वर जाऊ नये. आठवड्याला एक म्हणून दिलेली ६० हजारांची मात्रा कोणी रोज घेतो, चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून’ वाचले जात नाही, वर कॅल्शियमच्या गोळ्या आणि एखादे इंजेक्शनही होते. दोन-तीन महिन्यांत रक्तातले कॅल्शियम चढते. भूक मरते, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, लघवी सारखी लागते, तहान शमत नाही, म्हातारी माणसे गोंधळल्यासारखी बोलू लागतात, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची रक्तातली खूण) वाढलेले सापडते. ही लक्षणे ‘आजारानंतरचा अशक्तपणा’ म्हणून खपून जातात आणि त्यावर पुन्हा ‘ताकदीची’ गोळी सुरू होते. असा संशय आला तर ड आणि कॅल्शियम दोन्ही लगेच बंद करून कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ड एकत्र तपासावे. ड चरबीत साठत असल्याने उतार पडायला महिने लागतात. थायझाइड गटातली लघवीची गोळी चालू असलेल्यांत कॅल्शियम लवकर चढते. सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या गाठी होणारा आजार) किंवा क्षय असलेल्यांच्या गाठींतल्या पेशी सक्रिय ड बेलगाम बनवतात, म्हणून त्यांच्यात साधी मात्राही जपूनच. तान्ह्या बाळाची गरज रोज ४०० युनिट; पण थेंबांच्या काही बाटल्यांत हे ४०० युनिट १ मिलिलिटरमध्ये असतात, काहींत एका थेंबात. पहिल्या बाटलीचा ड्रॉपर दुसरीला वापरला की बाळाला कित्येक पट मात्रा जाते. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचलेच पाहिजे.

मोठी मात्रा ‘निदान निरुपद्रवी’ असते हा समजही ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीने २०१०मध्ये मोडला. सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट किंवा बिनऔषधी मात्रा दिली. हाडे वाचावीत म्हणून केलेल्या या प्रयोगात औषधाच्या गटात पडणे १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंग २६ टक्क्यांनी जास्त झाले.

तेव्हा आपल्या आरोग्य पानासाठी एक विनंती. ड आणि श्वसनाच्या आजाराची पुढची बातमी छापताना एवढे तिच्यात असावे: रक्त आजाराआधी काढले की आजारात, आकडा कोणत्या एककात, सुरुवातीला लोकांचे ड किती होते, मात्रा रोजची की एकदम, आणि अभ्यास नुसत्या निरीक्षणाचा होता की चिठ्ठ्या टाकून केलेला. यासाठी दोन ओळी पुरतात, आणि मूळ शोधनिबंधाच्या सारांशात ही माहिती बहुतेक वेळा पहिल्याच परिच्छेदात असते.

आपले,
श्वसनविकार आणि प्रयोगशाळा-वैद्यक या क्षेत्रांतले दोन वाचक